ओला की सुका

पहिली वाळू फुकट मिळाली.
समोरची चाळीस नंबर पाडून टॉवर चढत होता,
वॉचमन लल्लनने सिमेंटच्या गोणीत अर्धी भरून दिली.
मी ती पिठाच्या जुन्या चाळणीने चाळली,
रात्री, दार लावून, चोरीचा माल असल्यासारखी :
खडे एकीकडे, शिंपल्यांचे तुकडे एकीकडे.
सुपारीने हुंगली, पुढचा पाय झटकला
आणि माझ्या लॅबच्या पांढऱ्या कोटावर जाऊन मोकळा झाला.

(नाव ठेवलं तेव्हा मांजर वाटली होती. निघाला बोका.
नाव राहिलं.)

मग वर्तमानपत्राच्या पट्ट्या.
मग सुताराकडचा भुसा, जो रविवारी
पोह्यांतसुद्धा सापडला.
मग एकदाची पवईच्या त्या गार दुकानात गेले.
बेंटोनाइट, पाइनच्या गोळ्या, लॅव्हेंडरच्या वासाची,
आणि एक टोफूची. सोयाबीन आहे मॅडम, फ्लश होते.
मी मनात तूरडाळीचा भाव काढला
आणि तरी घेतली.

फ्लश होते, पण कन्नमवार नगरात होत नाही.
आमचा पाइप माझ्याहून वयाने मोठा.
तिसऱ्या दिवशी खालच्या वाघचौऱ्यांच्या मोरीत
माझं सोयाबीन फुगून वर आलं.
वाघचौरे काही बोलले नाहीत.
नुसते जिन्यात उभे राहिले,
हातात प्लंजर.

तर बेंटोनाइट. माती, पण कुंडीत घालायची नाही.
ओली, पण ओल्या डब्यात चालत नाही.
सोसायटीच्या फळ्यावर हिरवा डबा, निळा डबा,
दोन्हींच्या खाली सेक्रेटरीची सही,
आणि मधे मी, हातात गाठ मारलेली पिशवी घेऊन.
भागाबाईंनी पिशवी बोटाने चाचपली.
"कागदात बांध. वर तांबडा ठिपका काढ.
हात कुठं घालायचा न्हाई ते कळाया पायजे मला."
एवढंच. फळ्यावर हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

दिवसभर मी लोकांच्या बाटल्यांवर नावं चिकटवते,
रंग, गढूळपणा, पस सेल्स, आठ ते दहा.
घरी आले की खोऱ्याने गोळे मोजते :
सकाळी दोन, रात्री दोन.
हा रिपोर्ट कुणी मागत नाही.

मार्चातल्या एका मंगळवारी शून्य.
तो ट्रेमध्ये उकिडवा बसलेला,
बसलेलाच,
भिंतीकडे तोंड करून.

डॉक्टर तारापोर म्हणाल्या, बोक्यांना होतं असं, नळी घालू.
वाळू कुठली वापरता, हे त्यांनी विचारलंच नाही.
मीच सांगत सुटले, चाळणीपासून सगळं,
भुसा, सोयाबीन, वाघचौरे,
आणि त्या ऐकत राहिल्या, हातमोजे काढत.

तीन रात्रींनी घरी आणला, गळ्यात प्लास्टिकचा कर्णा.
कांजूरच्या डेपोवरून वारा आला होता,
साऱ्या मुंबईने टाकलेलं नाकाशी घेऊन.
एरवी खिडकी लावते. त्या रात्री लावली नाही,
पंखाही बंद ठेवला,
आवाज ऐकू यावा म्हणून.
साडेतीनला खरखर. कर्णा ट्रेच्या कडेला आपटला.
मग शांत. मग पुन्हा खरखर, माती ओढल्याची.

टॉर्च लावून पाहिलं. बोराएवढा.
पहाटे आणखी एक, लिंबाएवढा, घट्ट, नितळ गोल.
कुणाला तरी फोन करावासा वाटला.
पण काय सांगणार,
आणि या वेळी.

सकाळी कागदात बांधला, ठिपका काढला,
लाल स्केचपेन संपत आलेलं, दोनदा गिरवावा लागला.
भागाबाईंनी पुडी तळहातावर तोलली.
"आज हाय वाटतं काहीतरी."
हो, म्हटलं, आहे.
त्यांनी ती डब्यात फेकली नाही, ठेवली,
आणि गाडी पुढच्या जिन्याकडे ढकलली.